मोबाईल स्टार्टर : हुकूम शेतकऱ्याचाच चालावा

चंदगड तालुक्यातील शेतीचे स्वरूप ध्यानी घेतले, तर मोबाईल फोनवरून पंप चालू-बंद करणारे उपकरण येथे चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे मान्य करावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील या तालुक्यात पावसाळ्यात पाण्याचा सुकाळ असतो. परंतु दिवाळीनंतर उसाला, भाजीपाल्याला व नव्याने लावलेल्या काजूच्या रोपांना पाणी द्यावयाचे, तर घटप्रभा व ताम्रपर्णी या नद्यांकडे, त्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांकडे आणि जांबरे, जंगमहट्टी, फाटकवाडी येथील जलाशयांकडे पाहावे लागते. पंप नदीकाठी, घर टेकाडावर आणि मळा तिसऱ्याच बाजूस, अशी अनेकांची स्थिती आहे. त्यात तीन फेजचा वीजपुरवठा पाळीपाळीने, पुष्कळदा रात्रीचा. वाट रानातून जाते. गव्यांचे कळप शेतात उतरतात, आणि २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या रानटी हत्तींचा वावरही या भागाला नवीन राहिलेला नाही. केवळ एक बटण दाबण्यासाठी अशा वाटेने अपरात्री जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय. तो टाळण्याचे साधन हाती आले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु साधन हाती येणे आणि साधनावर आपली हुकमत असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. मोबाईल स्टार्टर बसविलेल्या शेतकऱ्याचा अनुभव विचारला, तर पहिल्या वर्षी तो त्याची स्तुती करतो. दुसऱ्या वर्षी 'पेटी कधी ऐकते, कधी ऐकत नाही' असे सांगतो. आणि तिसऱ्या वर्षी पेटी तशीच भिंतीवर ठेवून पुन्हा बॅटरी घेऊन नदीची वाट धरतो. पेटी बिघडलेली असतेच असे नाही. बहुधा तिच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमचे मत असे आहे की, ही भाषा शेतकऱ्याने व गावच्या वीजतंत्र्याने शिकून घेतलीच पाहिजे, आणि ती शिकविण्याची जबाबदारी पेटी करणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी व विस्तारकार्य करणाऱ्यांनी टाळता कामा नये.

पेटीच्या आत काय असते?

मोबाईल स्टार्टरच्या पेटीत मुख्यतः तीन भाग असतात. एक, मोटरला वीज देणारा व तोडणारा नेहमीचा स्टार्टर. दोन, त्याला हलविणारे नियंत्रक मंडळ. आणि तीन, मोबाईलच्या जाळ्याशी बोलणारा मोडेम. मोडेम म्हणजे पडदा व कळफलक नसलेला फोनच समजावा. त्यात सिमकार्ड असते, त्याला अँटेना असते. मात्र त्याला बोट लावून काही करता येत नाही. त्याला जे सांगावयाचे ते अक्षरांत लिहून सांगावे लागते, आणि तोही अक्षरांतच उत्तर देतो.

या लेखी हुकमांचा इतिहास मनोरंजक आहे. १९८१ साली अमेरिकेतील डेनिस हेज व त्यांचे सहकारी यांनी एक टेलिफोन मोडेम बाजारात आणला. त्याचा वेग सेकंदास अवघा ३०० बिट होता. तोपर्यंत संगणकाला फोन जोडावयाचा तर माणसाने हाताने नंबर फिरवावा, अशी पद्धत होती. हेज यांच्या मोडेमला संगणकाने लेखी आज्ञा दिली की, तो स्वतःच नंबर फिरवी, फोन उचली व ठेवी. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी 'एटी' ही दोन रोमन अक्षरे असत. 'अटेन्शन', म्हणजे 'सावधान', या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. कवायतीच्या मैदानावर हुकूम देण्यापूर्वी नाईक जसा 'सावधान' म्हणतो, तसाच हा प्रकार. पुढे 'डी' लिहिले तर नंबर फिरवावा, 'ए' लिहिले तर आलेला फोन घ्यावा, 'एच' लिहिले तर फोन ठेवावा. हुकूम समजला तर मोडेम 'ओके' असे उत्तर देई; न समजल्यास 'एरर'.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसाधारण ग्राहकांना खुली केली, तेव्हा फोनच्या तारेवरून ती घेणाऱ्यांना याच आज्ञांशी ओळख करून घ्यावी लागली. जेथे जुने टेलिफोन केंद्र होते तेथे ठोक्यांनी नंबर फिरवावा लागे, व त्यासाठी 'एटीडी'पुढे 'पी' लिहावा लागे; नव्या केंद्रावर स्वरांनी नंबर जाई, तेथे 'टी'. एका अक्षराचा फरक; परंतु तो ठाऊक नसणारा दिवसभर खोळंबून राही.

तारेचे मोडेम गेले, बिनतारी मोबाईल आले. परंतु या आज्ञा राहिल्या. मोबाईलच्या जागतिक मानकांत 'एटी'ची हीच पद्धत स्वीकारण्यात आली, आणि लघुसंदेश पाठविणे, वाचणे, पुसणे, रेंज मोजणे यांसाठी नव्या आज्ञांची भर घालण्यात आली. आज चंदगडच्या नदीकाठी बसविलेल्या पेटीतील मोडेम चार दशकांपूर्वीच्या त्याच दोन अक्षरांनी सावधान होतो. यंत्रे बदलली तरी भाषा टिकली. यास्तव ती शिकण्यात घातलेला वेळ वाया जाणार नाही, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

आपल्या भागातील अनुभव

शेतकऱ्याने लेखी संदेशाने यंत्राकडून काम करवून घ्यावे, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातील वारणानगरच्या परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडण्याची योजना हाती घेण्यात आली, आणि उसाची नोंद, तोड व बिले यांची माहिती गावातच मिळावी असा प्रयत्न झाला. पुढे २००७ च्या सुमारास त्यांपैकी सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. त्यात गावातील संगणकाऐवजी साधा मोबाईल व ठराविक शब्दांचा लघुसंदेश यांनीच ती माहिती शेतकऱ्यांना मिळू शकते, असे दिसून आले. पंपाच्या बाबतीत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले 'नॅनो गणेश' हे उपकरण सर्वश्रुत आहे. दूरच्या पंपाकडे वारंवार जाण्याची शेतकऱ्याची पायपीट वाचवावी, हाच त्यामागील हेतू होता. त्यानंतर अशा अनेक पेट्या बाजारात आल्या.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शेतकरी लेखी आज्ञा शिकू शकत नाही, हा समज निराधार आहे. ज्याला उसाच्या जातींचे क्रमांक, खतांचे तीन आकड्यांचे प्रमाण आणि सात-बाराच्या उताऱ्यातील रकाने तोंडपाठ असतात, त्याला सहा-सात आज्ञा जड जाव्यात, असे मानण्याचे कारण नाही. त्या त्याच्यापुढे नीट मांडल्या गेल्या नाहीत, एवढेच खरे.

दोन भाषा, दोन जबाबदाऱ्या

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. शेतकरी आपल्या फोनवरून पेटीला जो संदेश पाठवितो, तो पेटी करणाऱ्याने ठरविलेल्या शब्दांत असतो. एकाची पेटी एका शब्दाने चालू होते, तर दुसऱ्याची दुसऱ्या. ही पहिली भाषा. ती पेटीपेटीगणिक बदलते, म्हणून ती पेटीसोबत मराठीत छापून मिळाली पाहिजे, आणि शेतकऱ्याने ती पाठ केली पाहिजे.

दुसरी भाषा पेटीच्या आतील. नियंत्रक मंडळ मोडेमला जे हुकूम देते ती 'एटी'ची भाषा. ती सर्व जगात बहुतांशी एकच आहे. ही भाषा प्रत्येक शेतकऱ्याने शिकलीच पाहिजे असे नाही. परंतु चार-पाच गावांमागे एक तरी वीजतंत्री ती जाणणारा असावयास पाहिजे. मोडेम पेटीतून सुटा करून योग्य जोडतारेने संगणकास जोडता येतो. मग अक्षरे टंकून त्याची प्रकृती विचारता येते. वैद्य नाडी पाहतो, त्यासारखेच हे आहे. या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

नुसते 'एटी' लिहून 'ओके' असे उत्तर आले, तर मोडेम जिवंत आहे असे समजावे. 'एटी+सीपिन?' असे विचारता सिमकार्ड ओळखले गेले की नाही ते कळते. 'एटी+सीएसक्यू' ही आज्ञा रेंज सांगते. उत्तरात ० ते ३१ यांमधील आकडा येतो. ३१ म्हणजे उत्तम. आकडा सामान्यतः १० च्या खाली असल्यास काम बेभरवशाचे समजावे, आणि ९९ आल्यास रेंज मोजताच येत नाही असे समजावे. 'एटी+सीआरईजी?' या प्रश्नाच्या उत्तरात स्वल्पविरामानंतर १ आला, तर मोडेम आपल्याच जाळ्यात नोंदला गेला आहे; ५ आला, तर तो परक्या मंडळाच्या जाळ्यात आहे; २ आला, तर तो अद्याप जाळे शोधीत आहे; आणि ३ आला, तर जाळ्याने त्याला नाकारले आहे.

चंदगडच्या शेतकऱ्याला या शेवटच्या आज्ञेचे विशेष महत्त्व आहे. तालुक्याची पूर्व बाजू कर्नाटकाला लागून आहे. दूरसंचाराच्या विभागणीत गोवा महाराष्ट्राच्याच मंडळात मोडतो. कर्नाटकाचे मंडळ मात्र वेगळे आहे. सीमेवरील मोडेम कधी अलीकडचा मनोरा धरतो, कधी पलीकडचा. सकाळी ऐकणारी पेटी सायंकाळी का ऐकत नाही, याचे कारण कित्येकदा यातच असते. 'एटी+सीओपीएस' या आज्ञेने मोडेमला ठराविक जाळ्यालाच धरून राहावयास सांगता येते. ज्याला हे ठाऊक नाही तो मोडेम बदलतो, पेटी बदलतो, आणि खर्चात पडतो.

पेटी का ऐकत नाही?

अनुभवाने असे दिसते की, पेटी मुकी होण्याची कारणे मोजकीच आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक विनाखर्च दूर होण्याजोगी आहेत.

पहिले कारण, भरलेले सिमकार्ड. सिमकार्डात मर्यादितच संदेश मावतात. जाहिरातींचे व रिचार्जच्या आठवणीचे संदेश येऊन ती जागा भरली, म्हणजे शेतकऱ्याच्या संदेशाला आत शिरावयास वाव उरत नाही. चांगल्या पेटीत वाचलेला संदेश आपोआप पुसण्याची व्यवस्था असते. सर्वच पेट्यांत नसते. 'एटी+सीपीएमएस?' या आज्ञेने किती जागा भरली ते कळते, व 'एटी+सीएमजीडी' या आज्ञेने संदेश पुसता येतात. हे साधत नसेल, तर सिमकार्ड काढून साध्या फोनमध्ये घालावे, त्यातील संदेश पुसावेत व पुन्हा पेटीत बसवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे कारण, अयोग्य सिमकार्ड. स्वस्त पेट्यांतील मोडेम पुष्कळदा केवळ २जी जाळ्यावर चालणारे असतात. जिओच्या जाळ्यात २जी मुळातच नाही. त्यामुळे ते सिमकार्ड अशा पेटीत निरुपयोगी ठरते. पेटी घेण्यापूर्वी तीतील मोडेम कोणत्या जाळ्यावर चालतो, हे विचारून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील टेल्स्ट्रा कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात आपले २जी जाळे बंद केले, आणि त्यावर विसंबलेली उपकरणे एका दिवसात मुकी झाली. आपल्याकडे इतर कंपन्यांची २जी सेवा चालू आहे. तथापि नवी पेटी घेताना ४जी मोडेमची घेणे दूरदृष्टीचे ठरेल.

तिसरे कारण, मुदत संपलेले सिमकार्ड. पंपाच्या सिमकार्डाला इंटरनेट लागत नाही. केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळे रिचार्ज उपलब्ध करून द्यावे, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या डिसेंबरात केला, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असण्यास मुभा दिली. असे रिचार्ज मागून घ्यावे. पावसाळ्यात पंप बंद असला तरी सिमकार्ड मरू देऊ नये.

चौथे कारण, अपुरी वीज. संदेश पाठविताना २जी मोडेम क्षणमात्र दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. पेटीतील पुरवठा हलका असला, अथवा जोड ढिले व गंजलेले असले, की नेमक्या त्याच क्षणी मोडेम बंद पडून पुन्हा सुरू होतो. चंदगडच्या दमट हवेत गंजाचा त्रास अधिक. वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, पेटी उघडून जोड घासून घट्ट करावेत. अँटेना लोखंडी पत्र्याच्या पेटीत कोंडू नये. बाहेर, उंचावर काढावी.

मोबाईल ॲप असता आज्ञा कशाला?

यावर कोणी म्हणेल की, आता पडद्यावरील चित्राला बोट लावले की काम होते. मग अक्षरांच्या आज्ञा शिकण्याचा खटाटोप कशाला? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या गावी इंटरनेट चांगले चालते आणि ज्याच्याजवळ तसा फोन आहे, त्याने ॲप अवश्य वापरावे. परंतु ॲपच्या पायाशी याच आज्ञा असतात, हे विसरू नये. बोट लावल्यावर संदेश प्रथम कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो, तेथून तो पेटीकडे येतो. कंपनीने तो संगणक बंद केला, धंदा गुंडाळला, वा वार्षिक शुल्क वाढविले, की शेतकऱ्याची पेटी धडधाकट असूनही निकामी होते. लघुसंदेशाला असा मध्यस्थ लागत नाही. डोंगरआड जेथे इंटरनेट चालत नाही, तेथेही संदेश पुष्कळदा पोहोचतो. आणि साध्या, कळांच्या फोनवरूनही तो पाठविता येतो. घरातील वृद्धांना व स्त्रियांनाही ते सोपे जाते. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, ज्या पेटीला ॲपखेरीज दुसरा मार्ग नाही, ती पेटी घेऊ नये.

रोहित्र सर्वांचे आहे

लेखी आज्ञांनी पेटीची जी बांधणी करता येते, तीत शेजारधर्माचाही एक भाग आहे. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून अनेकजण ॲटोस्विच लावतात. तो काढून टाकावा व कॅपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे. त्यामागील हिशेब समजून घेण्याजोगा आहे. पाच अश्वशक्तीची मोटर चालू असताना सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र ती पाच-सहापट, म्हणजे चाळीस अँपिअरच्या आसपास ओढते. ६३ केव्हीएच्या रोहित्राची पूर्ण क्षमता सुमारे ८४ अँपिअरची. अशा दहा मोटरी चालू स्थितीत ते कसेबसे पेलते. परंतु दहाही मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर मागणी चारशे अँपिअरवर जाते. मग फ्यूज उडतात, रोहित्र जळते, आणि उभे पीक वाळत असता दहाही कुटुंबे नव्या रोहित्राची वाट पाहत बसतात.

मोबाईल स्टार्टरच्या बहुतेक पेट्यांत वीज आल्यापासून किती वेळाने पंप सुरू करावयाचा, हे संदेशाने ठरविता येते. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून क्रम लावावा : पहिल्याने एक मिनिटाने, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन. दहा पंपांना दहा मिनिटे पुरतात. या तडजोडीस एक पैसाही लागत नाही, आणि सर्वांचे रोहित्र वाचते. पाण्याच्या पाळीवरून भांडणारा गाव विजेच्या पाळीवर एकमताने चालू शकतो, हे चंदगडच्या शेतकऱ्यांनी दाखवून द्यावे.

जिवाची काळजी आधी

दुरून चालणाऱ्या यंत्रात एक धोका असतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह काढावयास कोणी पाण्यात उतरले आहे, वा मोटरच्या पेटीत हात घालून बसले आहे, आणि त्याच वेळी घरून कोणी संदेश धाडून मोटर सुरू केली, तर अनर्थ ओढवेल. घरातील माणसांना 'आज फोन लावू नका' असे सांगून भागत नाही. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडावा, तीनही फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावेत, आणि मगच हात लावावा. खिशात फ्यूज असताना कोणाच्याही संदेशाने मोटर फिरू शकत नाही. अर्थिंग दरवर्षी तपासून घ्यावे.

दुसरी काळजी सांकेतिक क्रमांकाची. पेटी विकत येते तेव्हा तीत '१२३४' अथवा '००००' असा क्रमांक बहुधा आधीपासून घातलेला असतो, आणि तो सर्वांनाच ठाऊक असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. पेटीने ज्यांचे ऐकावे असे फोनक्रमांक तीत नोंदविता येतात; तेथे आपले व घरच्यांचे क्रमांक घालावेत, आणि बसविणाऱ्या कारागिराचा क्रमांक काम संपताच काढून टाकावा. आपल्या गोठ्याची कडी आपण अनोळखी माणसाच्या हाती ठेवीत नाही. पंपाचीही ठेवू नये. पाण्याविना मोटर फिरल्यास आणि एखादा फेज गेल्यास पंप आपोआप बंद करण्याची सोय पेटीत असावी, व ती चालू केलेली असावी. कारण दूर बसलेल्या मालकाला मोटरचा आवाज ऐकू येत नाही.

मराठीत का नाही?

आता पेटी करणाऱ्यांस दोन शब्द. मोबाईलचा एक लघुसंदेश रोमन लिपीत १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत तो ७० चिन्हांचा होतो. 'पंप सुरू. तीनही फेज ठीक. पाणी येत आहे.' हे उत्तर ७० चिन्हांत सहज बसते. मोडेमला देवनागरी अक्षरे पाठविण्याची आज्ञाही 'एटी'च्या भाषेत आहेच. असे असता पेटीने शेतकऱ्याला तुटक इंग्रजीत उत्तर का द्यावे? दोष यंत्राच्या शक्तीत नाही. करणाऱ्याच्या अनास्थेत आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पेटीने मराठीत उत्तर द्यावे, आणि तीसोबतची माहितीपुस्तिका शुद्ध, सुबोध मराठीत असावी, अशी मागणी शेतकऱ्यांनी खरेदीच्या वेळीच करावी. ग्राहकाने मागितल्याखेरीज बाजार काही देत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना मोडेमच्या आज्ञांची ओळख करून द्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. यासाठी लागणारे साहित्य अल्पमोलाचे आहे : एक मोडेम, एक जोडतार, एक जुना संगणक. दोन दिवसांच्या सरावात हुशार मुलगा वा मुलगी हे काम शिकते, आणि गावात राहून चार पैसे मिळविते. आज लहानशा दोषासाठी पेटी काढून गडहिंग्लज, बेळगाव वा कोल्हापूरला न्यावी लागते, आणि तोवर पिकाची एक पाळी चुकते. कृषी साहाय्यकांनीही शेतीशाळेत खत-औषधांबरोबर या विषयाला अर्धा तास द्यावा.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे?

एक साधा कागद घ्यावा. त्यावर पेटीतील सिमकार्डाचा क्रमांक, रिचार्ज संपण्याची तारीख, पंप चालू करण्याचा, बंद करण्याचा व स्थिती विचारण्याचा संदेश, विलंबाची मिनिटे आणि नोंदविलेले फोनक्रमांक लिहावेत. सांकेतिक क्रमांक मात्र त्यावर लिहू नये. तो घरी जपून ठेवावा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराच्या आतील बाजूस लावावा, व त्याची एक प्रत घरी ठेवावी. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी आपल्या जिल्ह्यातील नदीकाठच्या मोटरींची व पेट्यांची जी हानी केली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. पावसाळ्याच्या तोंडी पेटी सोडवून घरी आणावी. पुन्हा बसविताना हाच कागद कामी येईल, आणि कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागणार नाही.

महिन्यातून एकदा स्थिती विचारणारा संदेश पाठवून उत्तर येते की नाही ते पाहावे. उत्तर न आल्यास वर सांगितलेली कारणे क्रमाने तपासावीत : सिमकार्डाची मुदत, भरलेले संदेश, रेंज, वीज व जोड. एवढे करूनही पेटी बोलत नसेल, तरच कारागिरास बोलवावे, आणि तो काय करतो ते शेजारी उभे राहून पाहावे, विचारावे, लिहून घ्यावे. हाताने पंप सुरू करण्याचे बटण मात्र नेहमी चालते ठेवावे; कारण मनोराच बंद पडला, तर कोणतीही आज्ञा पोहोचणार नाही.

मोटेच्या काळी बैल आपल्या धन्याचा शब्द ओळखीत असे, आणि धनीही बैलाची नस ओळखीत असे. इंजिन आले तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याचे व्हॉल्व्ह व नोझल ओळखून घेतले. वीज आली तेव्हा फेज व फ्यूज ओळखून घेतले. आता पंपावर मोडेम आला आहे. त्याची भाषा त्याहून कठीण नाही. ती जो शिकेल त्याचा हुकूम त्याच्या पंपावर चालेल. जो शिकणार नाही त्याला दरवेळी दुसऱ्याची वाट पाहावी लागेल. येत्या हंगामातील पहिली पाण्याची पाळी सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली पेटी उघडून हा एक कागद तयार करावा, एवढीच आमची विनंती आहे.